तेवीस नंबर स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या उघडा : संरक्षण मंत्रालय आणि हवाई दलाला खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षण सचिव, तसेच इतिहास विभाग, संरक्षण मंत्रालय,
आणि माननीय वायुसेनाप्रमुख, भारतीय हवाई दल,
नवी दिल्ली.

विषय : सध्या नंबरप्लेट असलेल्या २३ स्क्वॉड्रनचा (पँथर्स) संपूर्ण इतिहास लिहून तो लोकांसाठी खुला करण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी त्या दिवशी स्वतः उड्डाण केलं. विमानं उतरल्यावर त्यांच्यावर पाण्याच्या कमानी धरल्या गेल्या आणि फॉर्म ७००, म्हणजे विमानाच्या देखभालीची नोंदवही, संरक्षणमंत्र्यांच्या हाती सोपवण्यात आला. नाशिकजवळच्या ओझरमध्ये, जिथे ही विमानं तयार व्हायची, आम्ही हा कार्यक्रम टीव्हीसमोर बसून पाहिला. कारखान्यातून निवृत्त झालेली कितीतरी माणसं त्या दिवशी दुपारपर्यंत जागची उठली नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत विमानाबद्दल पानंच्या पानं होती. ज्या स्क्वॉड्रनची ती विमानं होती, त्या २३ स्क्वॉड्रनबद्दल मात्र जेमतेम एक-दोन ओळी. त्या ओळींत जे आलं नाही, त्याबद्दल आपल्याला लिहितो आहे.

सामान्य वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. विमानं सेवेतून गेली आणि नवी अजून आली नाहीत, की हवाई दल स्क्वॉड्रन बरखास्त करत नाही. त्याचा नंबर राखून ठेवतं, यालाच नंबरप्लेट करणं म्हणतात. बोधचिन्ह, निशाण, मेसमधली चांदीची भांडी, करंडक, फोटो, नोंदवह्या हे सगळं जपून ठेवलं जातं. माणसं दुसऱ्या तळांवर बदलून जातात. मग काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी नवं विमान येतं आणि तोच नंबर पुन्हा उभा राहतो. भिसियानाला २०१६ मध्ये नंबरप्लेट झालेलं १७ स्क्वॉड्रन २०१९ मध्ये राफेलसाठी अंबाल्याला पुन्हा उभं राहिलं. १८ स्क्वॉड्रन २०१६ मध्ये थांबलं आणि २०२० मध्ये सुलूरला तेजस घेऊन परत आलं. तेजस सगळ्यात आधी मिळालं ते ४५ स्क्वॉड्रनला, आणि तेही मधली बरीच वर्षं असंच कागदावर होतं.

२३ चीही पाळी येईल, याबद्दल मला शंका नाही. मंजूर ४२ स्क्वॉड्रनांपैकी आज हवाई दलाकडे २९ उरली आहेत, त्यामुळे नंबर फार काळ रिकामा ठेवणं परवडणारं नाही. माझी विनंती या मधल्या काळापुरती आहे. नवं विमान आलं की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जाणार, ते स्वाभाविकच आहे. तेव्हा सत्तर वर्षांचा इतिहास एका घडीपत्रिकेत बसवला जाईल, समारंभात वाचला जाईल आणि पुन्हा कपाटात जाईल. आत्ता स्क्वॉड्रन उडत नाही. जुनी माणसं हयात आहेत. कागद एका जागी आणले गेले आहेत किंवा आणले जात आहेत. लिहायचं असेल तर याहून चांगली वेळ नाही.

लिहिण्यासारखं काय आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. पण पत्र खुलं आहे, म्हणून सांगतो.

हे स्क्वॉड्रन १९५६ मध्ये व्हॅम्पायर विमानांवर उभं राहिलं. १९६० मध्ये नॅट आलं आणि नॅट मिळालेलं पहिलं पूर्ण स्क्वॉड्रन हेच. नॅट म्हणजे सात मीटरही पंख नसलेलं इवलंसं लढाऊ विमान. सप्टेंबर १९६५ मध्ये या विमानाने जे केलं ते शाळेच्या पुस्तकांतही थोडंफार येतं. १ सप्टेंबरला संध्याकाळी जम्मूतल्या छांबवर ४५ स्क्वॉड्रनने चार व्हॅम्पायर गमावली. समोर पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं होती आणि व्हॅम्पायर त्यांच्यापुढे फार जुनी पडत होती. त्यानंतर घाईने नॅटची तुकडी पठाणकोटला आणली गेली. ३ सप्टेंबरला सकाळी आपली मिस्टेअर विमानं मुद्दाम उंचावरून पाठवली, म्हणजे पाकिस्तानी रडारला ती दिसावीत आणि सेबर वर यावीत. नॅट मागे अगदी जमिनीलगत आली आणि ऐनवेळी वर चढली. त्या चकमकीत २३ स्क्वॉड्रनच्या स्क्वॉड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी सेबरवर गोळ्या झाडल्या. त्या युद्धातलं भारताचं पहिलं हवाई यश म्हणून ते नोंदलं गेलं आणि त्यांना वीरचक्र मिळालं. दुसऱ्या दिवशी याच स्क्वॉड्रनचे व्ही. एस. पठानिया आणि पुढे १८ सप्टेंबरला ए. जे. एस. संधू यांनी सेबर पाडल्याच्या नोंदी झाल्या. दोघांनाही वीरचक्र मिळालं.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मात्र कानावर येतं ते तुकड्या-तुकड्यांनी. कीलर यांनी टिपलेल्या सेबरचा वैमानिक जखमी विमान घेऊन परत तळावर उतरला, असं पाकिस्तानी बाजू पहिल्यापासून सांगत आली आहे. त्याच सकाळी २३ स्क्वॉड्रनचेच स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद बाकीच्यांपासून सुटे पडले आणि त्यांचं नॅट सीमेपलीकडे पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. ते युद्धकैदी झाले. ते विमान आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभं आहे. ते पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाच्या धाकाने खाली उतरलं, असं तिकडे सांगितलं जातं. इकडे सांगतात ते वेगळं : वैमानिक वाट चुकला, इंधन संपत आलं होतं, धावपट्टी दिसली ती आपली वाटली.

यात लाजण्यासारखं काही आहे असं मला मुळीच वाटत नाही. आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या चकमकीत, काही मिनिटांत आकाशाचे चार तुकडे होतात, जोडीदार दिसेनासा होतो, रेडिओवर एकाच वेळी चार माणसं बोलतात. त्या सकाळी एकाच स्क्वॉड्रनमधल्या एकाच्या वाट्याला वीरचक्र आलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला कैद आली. दोन्ही गोष्टी २३ च्याच आहेत. मात्र आपल्याकडच्या समारंभात पहिलीच सांगितली जाते आणि दुसरी ऐकायची तर कराचीच्या संग्रहालयातल्या पाटीवरून ऐकावी लागते. स्क्वॉड्रनच्या रोजच्या नोंदवहीत त्या दिवशी काय लिहिलं गेलं होतं? कोण किती वाजता उडालं, कोणत्या विमानाच्या तोफा अडकल्या, रडारने कोणाला काय सांगितलं? नॅटच्या तोफा अडकायच्या, हे जुने वैमानिक उघडपणे सांगतात. रात्री त्या तोफा उघडून साफ करणारे आर्मरर कोण होते? हे कोणालाही वाचता यायला हवं. साठ वर्षं झाली. यातल्या कुठल्या ओळीने आज देशाच्या सुरक्षेला धक्का लागतो, ते मला खरोखर समजत नाही.

१९६५ च्या युद्धाचा इतिहास संरक्षण मंत्रालयाच्याच इतिहास विभागाने लिहिला. पण तो तयार होऊनही वर्षानुवर्षं 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' राहिला आणि लोकांनी तो अधिकृत प्रकाशनाआधीच इंटरनेटवर वाचला. सरकारनेच लिहवून घेतलेला इतिहास लोकांपर्यंत असा मागच्या दाराने पोचावा, हे चांगलं नाही. २३ स्क्वॉड्रनच्या बाबतीत तसं होऊ नये.

आता ओझरकडे येतो, कारण माझा हक्क, असलाच तर, तिथूनच येतो.

नॅटनंतर २३ स्क्वॉड्रनकडे मिग-२१ आलं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. भारताच्या साडेआठशेहून अधिक मिग-२१ विमानांपैकी सहाशेच्या आसपास आपल्याच देशात तयार झाली. इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला. एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) हा कारखाना १९६४ मध्ये खास मिगसाठीच उभा राहिला. एस. टी.च्या पाटीवर आजही गावाचं नाव 'ओझर मिग' असं असतं. द्राक्षांच्या बागांमध्ये उभ्या राहिलेल्या त्या वसाहतीत निफाड, चांदवड, दिंडोरीकडची पोरं आयटीआय करून लागली आणि पस्तीस-पस्तीस वर्षं एकाच विमानावर राहिली. मिग-२१ बिस या शेवटच्या प्रकाराचं उत्पादन १९८७ पर्यंत चाललं. नंतर सव्वाशे विमानांचं बायसन या सुधारित प्रकारात रूपांतर झालं, तेही बहुतेक इथेच.

माझे वडील असेंब्ली शॉपला होते. त्यांच्या शॉपमध्ये भिंतीवर हत्यारांची फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पक्कडीची आकृती रंगवलेली होती. पॅनेल बंद करायच्या आधी फळी पाहायची. एक जरी आकृती उघडी दिसली तर ते हत्यार सापडेपर्यंत शिफ्ट सुटली तरी कोणी हलायचं नाही. विमानाच्या पोटात राहिलेला एक स्क्रू ड्रायव्हर हवेत कंट्रोलच्या रॉडमध्ये अडकला तर आत बसलेला माणूस जातो, हे प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात सांगितलं जायचं. बोल्ट कसला की त्याला लॉकिंग वायर. पीळ सारखा हवा, सैल नको आणि फार ओढलेलाही नको. टोक आत वळवलेलं, नाहीतर पुढच्या माणसाच्या बोटात घुसतं. मग इन्स्पेक्टर बॅटरी घेऊन वाकून पाहणार आणि कागदावर आपल्या नंबराचा शिक्का मारणार. वडिलांच्या हाताला घरी आल्यावरही हायड्रॉलिक तेलाचा वास यायचा. साबणाने तो जात नसे.

विमान तयार झालं, तपासणीची उड्डाणं झाली, की एक दिवस पांढऱ्या ढगाखालून पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे निघून जायचं. कुठे गेलं ते या माणसांना कळत नसे. कळायची गरजही नव्हती, गुप्तता होती. शेपटीवर सी अक्षराने सुरू होणारा नंबर मात्र त्यांना पाठ असायचा. पुढे कधी बातमी यायची की राजस्थानात, पंजाबात, आसामात एक मिग पडलं. बातमीत नंबर नसायचा. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कोणी फार बोलायचं नाही. प्रत्येकाच्या मनात एकच : ते आपण केलेलं होतं का, आणि असलं तर चूक आपली होती का? हा प्रश्न घेऊन माणसं निवृत्त झाली आणि काही गेलीसुद्धा. त्यांना कोणी कधी उत्तर दिलं नाही.

अपघातांबद्दल मी मोघम बोलणार नाही. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं होतं की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि इतर सेवांमधली ८ माणसं मृत्युमुखी पडली. हा आकडा सगळ्या जातींच्या मिगचा आहे आणि त्यानंतरही अपघात होत राहिले. त्यातला प्रत्येक अपघात कुठल्या ना कुठल्या स्क्वॉड्रनचा होता. त्या दिवशी त्या स्क्वॉड्रनच्या क्रू रूममध्ये एक कप तसाच राहिला असेल, एक हेल्मेट खुंटीला लागलं नसेल. स्क्वॉड्रनच्या इतिहासात हे पान नसेल, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

महाराष्ट्राला हे दुःख जवळून माहीत आहे. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यानंतर त्यांच्या आई कविता गाडगीळ वर्षानुवर्षं जाहीरपणे एकच विचारत राहिल्या : वैमानिकाची चूक होती असं म्हणता, तर कशावरून? एका आईला हा प्रश्न वर्तमानपत्रांतून, व्यासपीठांवरून विचारावा लागला. चौकशीची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर खुली होण्याची पद्धत असती, तर तिच्यासारख्या कितीतरी घरांना नुसती वाट पाहिली तरी पुरलं असतं.

आणि नागरिकांचं काय? ८ मे २०२३ रोजी सुरतगडहून उडालेलं एक मिग-२१ हनुमानगड जिल्ह्यात एका घरावर पडलं. वैमानिक बाहेर पडू शकला. गावातल्या तीन स्त्रिया गेल्या. २३ स्क्वॉड्रनचं घर तेव्हा सुरतगडच होतं. ते विमान कोणत्या स्क्वॉड्रनचं, याच्या तपशिलात मी जात नाही, कारण मुद्दा त्यापेक्षा मोठा आहे. तळाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, रोज डोक्यावरून विमानं जाताना ऐकणारी माणसं कुठल्याच स्क्वॉड्रनच्या इतिहासात येत नाहीत. गेलेल्यांची तरी नावं त्यात यावीत. शहीद म्हणून नाही, तर त्या विमानांची किंमत त्यांनीही मोजली म्हणून.

हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानेच युद्धांच्या आणि मोहिमांच्या नोंदी जपणं, त्या खुल्या करणं आणि इतिहास लिहिणं याबद्दलचं धोरण जाहीर केलं. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ आणि १९९७ च्या नियमांनुसार नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात, त्याहून जुन्या नोंदी तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात, आणि मोहिमेनंतर पाच वर्षांच्या आत तिचा इतिहास तयार व्हावा, असं त्यात म्हटलं आहे. धोरण चांगलं आहे आणि मी त्याबद्दल आपले आभार मानतो. आता ते एका खऱ्या स्क्वॉड्रनला लावून दाखवा. २५ वर्षांचा हिशेब धरला तर २३ स्क्वॉड्रनच्या १९५६ पासून २००० पर्यंतच्या नोंदी आजच खुल्या व्हायला पात्र ठरतात. १९६५ तर केव्हाच त्या मुदतीत बसलं.

इतर देशांत हे रुळलेलं आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या स्क्वॉड्रनांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या रोजच्या नोंदवह्या लंडनमधल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणीही मागवून वाचू शकतो. आपल्या हवाई दलाचे अभ्यासकही कितीतरी वेळा तिथेच जाऊन बसतात. अमेरिकेत अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर हवाई दलाची इतिहास संस्था आहे. तिथे निष्क्रिय झालेल्या प्रत्येक तुकडीची वंशावळ, तिचे तळ, विमानं, सन्मान हे सगळं लावून ठेवलेलं असतं, मग ती तुकडी पन्नास वर्षांपूर्वी थांबलेली असो. आपल्याकडे हे काम आज कोण करतं? निवृत्त वैमानिक आणि काही हौशी अभ्यासक, स्वतःच्या पैशाने, जुने फोटो आणि लॉग बुकं गोळा करून. त्यांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार. पण मूळ नोंदवही सरकारच्या कपाटात असताना त्यांना आठवणींवर भागवावं लागतं, आणि आठवणी दर दहा वर्षांनी थोड्या बदलतात.

म्हणून नेमकं मागतो. २३ स्क्वॉड्रनच्या २००० पर्यंतच्या नोंदवह्या तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्याव्यात आणि त्यांच्या प्रती ऑनलाइन ठेवाव्यात. जे पान खरोखर गुप्त ठेवायचं असेल ते झाकावं, त्याला कोणाची हरकत नाही, पण एका पानासाठी सगळी वही बंद राहू नये. त्याच मुदतीतल्या अपघात चौकशांचे निष्कर्ष, निदान तांत्रिक दोष की मानवी चूक एवढं तरी, गेलेल्यांच्या कुटुंबांना लेखी कळवावेत. १९५६ पासून या स्क्वॉड्रनमध्ये सेवा करताना गेलेल्या सगळ्यांची, वैमानिक आणि जमिनीवरचे कर्मचारी दोघांचीही, एक पूर्ण यादी प्रसिद्ध व्हावी. आणि ओझरहून बाहेर पडलेलं प्रत्येक विमान कोणत्या स्क्वॉड्रनकडे गेलं आणि शेवटी त्याचं काय झालं, ही यादी कारखान्याला मिळावी. शेवटची मागणी आपल्याला लहान वाटेल. इथल्या माणसांना ती सगळ्यात मोठी आहे.

१७ ऑक्टोबर २०२५ ला, चंडीगडच्या निरोपाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा ओझरच्या धावपट्टीवरून तेजसचा नवा प्रकार, मार्क वन-ए, उडाला. ते पाहायला आलेल्या गर्दीत मिगच्या काळातले कितीतरी जुने चेहरे होते. काहींना आधार देऊन आणावं लागलं. फळीवरची आकृती, शिक्क्यांचे नंबर, कोणत्या वर्षी कोणता दोष सापडला आणि तो कसा काढला, हे या माणसांच्या डोक्यात अजून ताजं आहे. उद्या असेल असं सांगता येत नाही, त्यांतले बरेच जण पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

इतिहास विभागाने एखादा अधिकारी ओझरला पाठवला, तर या मंडळींना एकत्र आणण्याची, त्यांचं बोलणं मराठीत नोंदवून घेऊन हिंदी-इंग्रजीत करून देण्याची जबाबदारी आम्ही वसाहतीतली माणसं घेऊ. त्यासाठी मानधन नको, प्रवासखर्च नको. कोणाशी पत्रव्यवहार करायचा आणि किती तारखेपर्यंत, एवढं कळवावं.

कळावे,

आपला विश्वासू,
मिगच्या असेंब्ली शॉपमधल्या एका कामगाराचा मुलगा
ओझर टाऊनशिप, जि. नाशिक